नुनो मेंडेस धावतो कधी आणि थांबतो कधी

"काका, हा तर नुसता उभाच आहे."

पुतण्याची ही तक्रार रात्री दोनच्या सुमाराची. मार्च २०२५, चॅम्पियन्स लीगचा पॅरिस विरुद्ध लिव्हरपूल सामना, आपल्याकडे दीड वाजता सुरू होणारा. पडद्यावर लिव्हरपूलचा मोहम्मद सलाह. त्या हंगामात इंग्लिश लीगमध्ये त्याने २९ गोल केले आणि १८ गोलांसाठी शेवटचा पास दिला. त्याच्यापुढे पॅरिस सेंट-जर्मेनचा डावा बचावपटू नुनो मेंडेस. गुडघे जरा वाकलेले, मध्ये दोन हातांचं अंतर, आणि खरंच नुसता उभा. सलाह थांबला की हा थांबायचा, सलाह सरकला की हा मागे सरकायचा, पण पाय काही घालायचा नाही.

पोरगा शाळेच्या संघात कबड्डी खेळतो, डाव्या कोपऱ्याला. म्हणून विचारलं, "चढाईवाला आत आला की लगेच झडप घालतोस का?"

"छे. त्याचा पाय जवळ पडेपर्यंत थांबायचं. आधी हललो तर आपणच बाद."

"मग हेही तेच आहे."

तेच आहे हे तसं अर्धंच खरं. कबड्डीत कोपऱ्यावाल्याच्या शेजारी साखळी असते, चढाई तीस सेकंदांत संपते आणि पकड फसली तर गुण जातो. इथे मेंडेसच्या मागे चाळीस मीटर हिरवळ आणि एक गोलरक्षक असतो. बचावपटूने पाय घातला आणि बॉल चुकला, तर समोरचा त्याला ओलांडून जातो आणि पुढचं सगळं मैदान त्याचं होतं. म्हणून चांगला बचावपटू घाई समोरच्याला करू देतो. हुलकावणी द्यायला दोन माणसं लागतात, एक देणारा आणि एक फसणारा. दुसरा जागचा हललाच नाही, तर पहिला नुसताच नाचत राहतो.

मेंडेसच्या बाबतीत याचं नवल वाटतं, कारण तो युरोपातल्या सगळ्यात वेगवान बचावपटूंपैकी एक आहे. एवढा वेग असलेल्या माणसाला थांबायची गरज काय? त्याची कारकीर्द जरा उलगडून पाहिली तर लक्षात येतं, की हे थांबणं त्याला पुरेपूर शिकावं लागलंय. आणि ते सगळंच काही मैदानावर नव्हतं.

आधी लेफ्ट बॅक म्हणजे काय ते बघू. चार जणांच्या बचाव फळीत मधले दोघे गोलसमोर उभे राहतात आणि कडेचे दोघे बगला सांभाळतात. पूर्वी कडेच्या बचावपटूचं काम सोपं समजलं जायचं. समोरचा विंगर, म्हणजे कडेने हल्ला चढवणारा खेळाडू, आला की त्याला अडवायचं, बॉल दूर मारायचा आणि जागेवर परत यायचं. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये सगळ्यात कच्च्या पोराला लाँग लेगला पाठवतात, तशीच या जागेची बऱ्याच ठिकाणी अवस्था होती. गेल्या काही दशकांत चित्र पालटलं. विंगर आत सरकून खेळायला लागले, त्यामुळे बाहेरची पट्टी मोकळी पडली आणि ती भरायचं काम कडेच्या बचावपटूकडे आलं. आता त्याने बचावही करायचा आणि विंगरचं कामही. १०५ मीटरचं मैदान नव्वद मिनिटांत डझनावारी वेळा वरखाली पळायचं. त्यात डाव्या बाजूला डाव्या पायाचा माणूस हवा, कारण पळता पळता आतल्या पायावर बॉल न घेता सरळ क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकायचा पास, मारता आला पाहिजे. असे लोक मुळातच कमी. गंमत म्हणजे आपल्या 'डावखुरा' शब्दात खूर दडल्यासारखा वाटतो, पण आपण तो वापरतो हातासाठी.

इथे एक गुंता आहे, आणि या लेखात सगळ्यात महत्त्वाचा मला तोच वाटतो. सलाह, आर्सेनलचा साका, बार्सिलोनाचा लामिन यमाल हे तिघेही डाव्या पायाचे, आणि तिघेही खेळतात उजव्या बगलेवर. त्यांना बाहेरच्या रेषेकडे जायचंच नसतं. त्यांना आत वळून डाव्या पायाने गोलवर मारायचं असतं. आता लेफ्ट बॅकच्या जागी स्वतः उभे राहून पाहा. समोरचा आत वळला की तो तुमच्या उजव्या हाताकडून जातो, आणि तुमचा चांगला पाय तर डावा. म्हणजे हल्ल्यात जो पाय वरदान, तोच बचावात चुकीच्या बाजूला. यावर उपाय एकच, उभं राहण्याची जागा. मेंडेस अर्धं पाऊल आत उभा राहतो, शरीर तिरकं करून आतला रस्ता झाकतो आणि बाहेरचा रस्ता उघडा ठेवतो. जणू सांगतो, जा बाबा, रेषेकडे जा, तुझ्या कमजोर पायावर. तिकडे गेलास तर पळण्यात मी तुला गाठतोच. त्याचा वेग कामाला येतो तो इथे. तो वेग आहे म्हणून थांबणं परवडतं. मंद माणूस इतका वेळ थांबला तर परत गाठूच शकणार नाही.

नुनो मेंडेसचा जन्म १९ जून २००२ चा, लिस्बनजवळच्या सिंत्राचा, कुटुंब मूळ अंगोलाचं. अंगोला १९७५ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि गोवा १९६१ पर्यंत. त्यामुळे हे आडनाव आपल्याकडेही आलं. गोव्यात ते आजही आहे, आणि त्या नावाचा खेळाडू पोर्तुगालकडून उतरला की तिथल्या काही घरांत जरा जास्तच आपुलकीने पाहिलं जातं.

लहानपणीच तो स्पोर्टिंग क्लबच्या अकादमीत गेला. लिस्बनमधून टेगस नदी ओलांडली की पलीकडे अल्कोशेत गाव लागतं, तिथे ही अकादमी. तीही २००२ सालीच सुरू झाली. आज तिला क्रिस्तियानो रोनाल्डोचं नाव आहे, कारण तो स्पोर्टिंगमध्येच घडला. आणि त्याच २००२ मध्ये, मेंडेसच्या जन्माच्या थोडं आधी, स्पोर्टिंगने पोर्तुगालची लीग जिंकली होती. त्यानंतर नाही. म्हणजे मेंडेस ज्या क्लबमध्ये वाढला, त्या क्लबचं विजेतेपद त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं. बेनफिका आणि पोर्टो आळीपाळीने करंडक नेत होते आणि स्पोर्टिंगवाले "पुढच्या वर्षी" म्हणत होते.

तो पंधरा वर्षांचा असताना क्लब जवळजवळ मोडकळीला आला. मे २०१८ मध्ये तोंडं झाकलेल्या सुमारे पन्नास जणांनी अल्कोशेतच्या मैदानात घुसून पहिल्या संघाच्या खेळाडूंना मारहाण केली. ते बाहेरचे कोणी नव्हते, क्लबचेच चिडलेले समर्थक होते. त्यानंतर अनेक मोठे खेळाडू करार मोडून बाहेर पडले. ज्यांना विकून कोट्यवधी युरो मिळाले असते, त्यातले काही हातचे गेले. याचा मेंडेसशी संबंध असा, की पैसा आटलेल्या क्लबला घरच्या पोरांवर विसंबावं लागतं. मार्च २०२० मध्ये स्पोर्टिंगने ब्रागाकडून रुबेन अमोरिम नावाचा तरुण प्रशिक्षक आणला. त्यासाठी १ कोटी युरो मोजले, तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला. प्रशिक्षकासाठी एवढे? अमोरिमने आल्या आल्या अकादमीतली पोरं वर काढायला सुरुवात केली.

१२ जून २०२०. कोविडमुळे रिकामं स्टेडियम, पासोस दे फेरेराविरुद्धचा सामना. अठरावा वाढदिवस आठवड्यावर आलेला असताना मेंडेस बदली म्हणून उतरला. पुढच्या हंगामात डावी बगल त्याचीच झाली.

अमोरिमची रचना वेगळी होती. मागे दोनऐवजी तीन मधले बचावपटू आणि दोन्ही कडांना विंगबॅक. विंगबॅक म्हणजे लेफ्ट बॅकचा थोडा पुढे ढकललेला भाऊ. मागे एक माणूस जास्त असल्यामुळे त्याला पुढे जायची मुभा मिळते. १८ वर्षांच्या पोराला मोठ्या फुटबॉलमध्ये आणायला ही रचना उत्तम, कारण चुकला तर झाकायला मागे तिघे. पोहायला शिकताना कमरेला बांधलेल्या सुक्या भोपळ्यासारखं. त्या हंगामात स्पोर्टिंगने ३४ पैकी एकच सामना गमावला, तोही विजेतेपद नक्की झाल्यावर. ११ मे २०२१ रोजी बोआविष्टाला १-० ने हरवून लीग जिंकली. १९ वर्षांची वाट संपली, आणि मेंडेसचा एकोणिसावा वाढदिवस महिन्याभरावर होता.

आणि लगेच तो विकला गेला.

आपल्याकडच्या वाचकाला हे विचित्र वाटतं. एवढ्या वर्षांनी जिंकलात आणि घरचाच हिरा देऊन टाकलात? पोर्तुगालच्या क्लबांना टीव्हीचे पैसे इंग्लंडच्या तुलनेत फारच थोडे मिळतात. मोठे तिन्ही क्लब खेळाडू घडवून विकण्यावर चालतात, हे तिथे कोणी लपवतही नाही. पाळीव दुभती गाय विकणाऱ्या शेतकऱ्यावर आपण रागावत नाही, त्याची अडचण आपल्याला कळते. तसंच हे.

व्यवहार मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. ३१ ऑगस्ट २०२१, त्या उन्हाळ्यातल्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीचा शेवटचा दिवस. पॅरिसने मेंडेसला विकत घेतलं नाही, वर्षभरासाठी उसना घेतला. त्यासाठी ७० लाख युरो दिले, आणि स्वतःचा खेळाडू पाब्लो साराबिया वर्षभरासाठी स्पोर्टिंगला उसना दिला. करारात लिहिलं होतं, की वर्ष संपताना पॅरिसला वाटलं तर आणखी ४ कोटी युरो भरून मेंडेसला कायमचं घेता येईल. वाटलं तर. सक्ती नव्हती. जमिनीच्या व्यवहारात इसार देऊन भाव आज ठरवतात आणि खरेदीखत नंतर करतात, साधारण त्याच जातीचा हा प्रकार. फरक एवढाच, की इथे इसार देणारा मधल्या काळात जमीन कसूनही पाहतो.

मग सरळ विकत का घेतलं नाही? त्या उन्हाळ्यात पॅरिसने मेस्सी, रामोस, डोन्नारुम्मा, वाइनाल्डम यांना आणलं. त्यांच्यासाठी दुसऱ्या क्लबला किंमत द्यावी लागली नव्हती, पण पगार द्यावे लागणार होते. अश्रफ हकिमीसाठी इटलीच्या इंटर क्लबला ६ कोटींहून जास्त मोजले होते. युरोपीय फुटबॉल संघटना क्लबांच्या जमाखर्चावर नजर ठेवते, आणि २०२२ मध्ये पॅरिसला याच नियमांखाली साडेसहा कोटी युरोंचा दंड झालाही, त्यातला १ कोटी भरणं बंधनकारक आणि उरलेला अटींवर टांगलेला. उसनवारीमुळे ४ कोटींचा आकडा त्या वर्षाच्या वहीत पडला नाही. ३१ मे २०२२ ला पॅरिसने हक्क वापरला आणि २०२६ पर्यंतचा करार केला. हिशेबाच्या रीतीप्रमाणे खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून लिहितात, म्हणजे चार वर्षं दरसाल १ कोटी. कारखाना यंत्राचा घसारा जसा लिहितो तसंच, फक्त इथे यंत्र एकोणीस वर्षांचं आणि भलतंच पळणारं.

या पैशांत आणखी एक वाटेकरी असतो, त्याबद्दल फार बोललं जात नाही. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, की किमतीतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांसाठी बाजूला निघतात, हा फिफाचा नियम. वयाच्या बाराव्या ते पंधराव्या वर्षांसाठी दरसाल पाव टक्का आणि पुढे तेविसाव्यापर्यंत दरसाल अर्धा. ४ कोटींवर पाव टक्का म्हणजे १ लाख युरो. मेंडेस स्पोर्टिंगमध्येच वाढल्यामुळे हे पैसे फिरून तिथेच. पण बाराव्या वर्षाआधी ज्यांनी पोराच्या हाताला, म्हणजे पायाला, वळण लावलं, त्या मोहल्ल्यातल्या छोट्या क्लबांना या नियमातून दमडी मिळत नाही. मला हे खटकतं.

पोर्तुगीज क्लब याहून वेगळी युक्तीही करतात. करारात सुटकेची रक्कम लिहून ठेवतात. तेवढे पैसे कोणी आणले तर अडवणार नाही, कमी आणले तर बोलणी आमच्या मर्जीची. बेनफिकाने अंतोनियो सिल्वा या मधल्या बचावपटूच्या करारात १० कोटींचा आकडा टाकला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि पहिल्या संघात जेमतेम काही आठवडे खेळला होता. बचावपटूचं नशीब कसं असतं ते त्याच्याकडे पाहून कळतं. २०२२ मध्ये वर्ल्ड कप खेळलेला हा पोरगा २०२४ च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत जॉर्जियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला चुकीचा पास देऊन बसला. क्वारात्सखेलियाने गोल केला, नंतर सिल्वाच्याच चुकीने जॉर्जियाला पेनल्टी मिळाली, आणि पोर्तुगाल ०-२ ने हरला. पुढाऱ्याने नव्वद चांगल्या सभा घ्याव्यात आणि एक वाक्य घसरावं, मग तेवढंच वर्षभर दाखवलं जातं, तसं. तोच क्वारात्सखेलिया आज पॅरिसमध्ये मेंडेसच्या पुढे डाव्या बगलेवर खेळतो.

मेंडेसच्या वाट्याला चूक आली नाही, दुखणं आलं. २०२१ च्या उन्हाळ्यातल्या युरो स्पर्धेला तो संघात होता, एकही सामना खेळला नाही. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेविरुद्ध पहिल्या डावातच मांडी धरून बसला आणि रडत बाहेर गेला. आणि २०२३ मध्ये हॅमस्ट्रिंग असं गेलं, की शस्त्रक्रिया करावी लागली. मैदानावर परतायला फेब्रुवारी २०२४ उजाडला.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे तीन स्नायू. नितंबाच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जाऊन बसतात, म्हणजे दोन सांधे ओलांडतात. सुसाट पळताना पाय पुढे फेकला जातो, आणि जमिनीला टेकण्याआधी कोणीतरी तो आवरावा लागतो, नाहीतर गुडघा झटक्याने सरळ होईल. आवरायचं काम या स्नायूंचं. उतारावर सुटलेली बैलगाडी मागून दोर धरून रोखणारा माणूस आठवा. हात ताणले जात आहेत आणि त्याच वेळी जोरही लावायचा आहे. ताण आणि जोर एकाच क्षणी आले की धागा तुटतो. जितका वेग जास्त, तितकी गाडी जड. म्हणून हे दुखणं वेगवान लोकांच्याच मागे लागतं, आणि अर्धवट बरं असताना पळालं तर परत येतं. वीस वर्षांच्या पोराला नऊ-दहा महिने पळू नकोस म्हणायचं. आणि इसाराचा मुद्दा इथे परत आठवा. ही मोठी दुखापत झाली ती खरेदीखतानंतर. तीच उसनवारीच्या वर्षात झाली असती, तर पॅरिसने ४ कोटी भरले असते का, सांगणं कठीण आहे.

परत आला तेव्हा प्रशिक्षक लुइस एन्रिके होते. त्यांच्या रचनेत मागे तिघांचा भोपळा नाही. चारच, आणि त्यातले कडेचे दोघे, उजवीकडे हकिमी आणि डावीकडे मेंडेस, बऱ्याचदा प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर सापडतात. बाहेरून पळायचं की आतून, हे समोरची जागा बघून ठरवायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लबने करार २०२९ पर्यंत वाढवला, आणि पुढच्या चार महिन्यांत जे झालं ते वर्षानुवर्षं साठवलेलं एकदम बाहेर पडावं तसं.

लिव्हरपूलविरुद्धचा तो पहिला सामना. सलाह ८६ मिनिटं जवळपास गायब. मग त्याला बाहेर काढून हार्वी एलियटला पाठवलं, आणि एलियटने मिनिटभरात गोल केला. पॅरिस ०-१. आमच्या घरात पुतण्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच सामना हरलो. आठवड्याने लिव्हरपूलच्या मैदानावर पॅरिसच्या डेम्बेलेच्या गोलने दोन सामन्यांच्या बेरजेत बरोबरी झाली, सलाह पुन्हा अडकून पडला, आणि पेनल्टीवर पॅरिसने ४-१ ने बाजी मारली. पुढच्या फेरीत ॲस्टन व्हिलाविरुद्ध मेंडेसने दोन्ही सामन्यांत एकेक गोल केला. उपांत्य फेरीत आर्सेनल. आणि ३१ मे ला म्युनिकमध्ये इंटरचा ५-० ने धुव्वा. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला हा सगळ्यात मोठा फरक, आणि पॅरिसचं पहिलं विजेतेपद.

आठ दिवसांनी, ८ जूनला, मेंडेस त्याच स्टेडियमवर पोर्तुगालच्या कपड्यांत उभा होता. नेशन्स लीग या युरोपीय देशांच्या स्पर्धेचा अंतिम सामना, समोर स्पेन, आणि उजव्या बगलेवर १७ वर्षांचा यमाल. पुन्हा तेच अर्धं पाऊल आत, तोच तिरका खांदा. स्पेनने आघाडी घेतल्यावर २६व्या मिनिटाला मेंडेस डावीकडून सुटला आणि त्याने बॉल दूरच्या कोपऱ्यात घातला. स्पेन पुन्हा पुढे गेला, पण दुसऱ्या डावात मेंडेसचाच क्रॉस प्रतिस्पर्ध्याला लागून वर उडाला, तो रोनाल्डोने आत ढकलला. २-२, मग पेनल्टी. वर्षभरापूर्वी युरोत फ्रान्सविरुद्ध त्याने आपल्या पेनल्टीवर गोल केला होता आणि तरीही संघ हरला होता. या वेळी त्याचीही जाळ्यात गेली आणि बाकी सगळ्यांचीही. ५-३. सामनावीर लेफ्ट बॅक.

त्या सप्टेंबरमध्ये बॅलन डी'ओरची, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या बक्षिसाची, यादी आली. २००६ मधल्या इटलीच्या कान्नावारोनंतर एकाही बचावपटूला ते बक्षीस मिळालेलं नाही. या वेळी हकिमी सहावा आला, मेंडेस दहावा. सलाह चौथा. पुतण्याला हे अजून पटलेलं नाही.